विरजणाची माती

आमच्या वन्सं घरात आल्या की आधी माणसांची नाही, कुंड्यांची चौकशी होते. थेट बाल्कनीत जायचं, बोट मातीत खुपसायचं, बोटाचा वास घ्यायचा आणि मग चहाला बसायचं. त्यांचा धाकटा भाऊ, म्हणजे आमचे हे, दर वेळी आतून ओरडतात की ताई, मी पण बरा आहे हं. त्यावर वन्संचं उत्तर ठरलेलं, तुला काय धाड भरलीय, तू कुठे कुंडीत आहेस.

म्हणून त्या रविवारी दुपारी त्या दारातच उभ्या राहिल्या, तेव्हा काहीतरी बिनसलंय हे मला कळलं. चपला पायात नव्हत्या, हातातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत होत्या. धुतलेल्या. चपलांच्या पट्ट्यांतून अजून पाणी गळत होतं. मी आत या म्हटलं, तर म्हणाल्या, आधी पाय धुवायला पाणी दे, इथेच, बाहेर.

वन्सं गेली बावीस वर्षं जंगलाच्या कडेच्या रोपवाटिकेत कामाला आहेत. पिशव्यांत माती भरायची, बी रुजवायचं, गादीवाफ्यावरची बोटभर रोपं अलगद उचलून पिशवीत लावायची, झारीनं पाणी घालायचं. वर्ष-दीड वर्षानं ती रोपं जंगलात जिथे जागा उघडी पडलीय तिथे लावायला जातात. कागदावर वन्सं मजूर आहेत, पण साहेब बदलतात, मुकादम बदलतात, वन्सं तिथेच असतात. सगळे त्यांना मावशी म्हणतात, आणि मावशीनं नाही म्हटलेलं रोप गाडीत चढत नाही.

त्यांच्या पहिल्या वर्षाची गोष्ट त्यांनी मला कितीदा सांगितली असेल. रोपं वीतभर वाढायची आणि रुसून बसायची. पानं पिवळी, खोड काडीसारखं. खत घालून झालं, सावली करून झाली. तेव्हा तिथे एक माळीबुवा होते, निवृत्तीला टेकलेले, बोलण्यात भारी कंजूष. एक दिवस ते वन्संना म्हणाले, घमेलं घे आणि चल. पायवाटेच्या वळणावर तीन जुनी झाडं आहेत, एकेकाचा बुंधा तीन माणसांच्या कवेत मावत नाही. त्यांच्या मधला पाचोळा माळीबुवांनी हातानं बाजूला सारला आणि खालची काळी, भुसभुशीत माती उचलून वन्संच्या नाकाशी धरली. पावसात भिजलेल्या लाकडासारखा वास, आणि मातीत पांढरे धागे, पिंजलेल्या कापसासारखे. ती घमेलंभर माती हजार पिशव्यांना चिमूट-चिमूट लावली. दुधाला विरजण लावतेस ना, तसं, एवढंच ते म्हणाले. दीड महिन्यात रोपांनी मान वर काढली. तेव्हापासून त्या मातीला रोपवाटिकेत विरजणच म्हणतात.

मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र घेतलं होतं. पदवी ट्रंकेत पडून होती, ती या विरजणानं बाहेर काढली. मी पुस्तकं आणली, वाचून वन्संना सांगितलं, की हे धागे बुरशीचे असतात, आपण ज्यांना अळंबी म्हणतो ती नुसती त्यांची फळं. मूळ जिथे शिरू शकत नाही तिथे धागा शिरतो, पाणी आणि क्षार ओढून आणतो, आणि झाड त्याला पानात केलेली साखर देतं. एकच जाळं कित्येक झाडांच्या मुळांना धरून असतं. झाडं त्या वाटेनं एकमेकांना किती देतात-घेतात यावर मात्र जाणकारांत अजून वाद आहेत. वन्संनी शेंगा सोलता सोलता सगळं ऐकलं आणि विचारलं, मग यात नवीन काय सांगितलंस?

पण विरजणाच्या नियमाला दुसरी बाजू होती, आणि ती माळीबुवांनी पहिल्याच दिवशी शिकवली होती. खड्डा उघडा ठेवायचा नाही. घमेलंभर माती आणली की घमेलंभर माती परत नेऊन तिथे भरायची, म्हणजे झाडाची बारीक मुळं उन्हात उघडी पडत नाहीत. परत न्यायची ती कुठली? रोपवाटिकेत काही रोपं मरतातच. त्या पिशव्यांतली माती कामातून गेलेली असते, तीच न्यायची. बावीस वर्षं, वर्षातून दोनदा, वन्संनी हे असंच केलं. मध्यंतरी जंगलातून माती आणायची नाही असा कागद आला, तो मुकादमानं वाचून दाखवला आणि खिळ्याला अडकवला. वन्सं आपल्या पहाटे लवकर जाऊन येत राहिल्या. रोपं हिरवी राहत होती, त्यामुळे कुणी विचारलं नाही.

पाय धुऊन झाल्यावर त्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. बसल्या नाहीत. जे सांगितलं ते तुटक तुटक सांगितलं, मी इथे सलग मांडते.

महिन्यापूर्वी दुसऱ्या एका रोपवाटिकेतून चारशे रोपं टेम्पोनं आली. त्यातली तीसेक आल्या आल्या मेली. प्रवासात तेवढी जातातच, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. वन्संनी त्या तीस पिशव्या घमेल्यात रिकाम्या केल्या, ती माती तीन झाडांपाशी नेऊन भरली आणि बदल्यात विरजण आणलं. मग उरलेली रोपं माना टाकायला लागली. माती ओली, तरी पानं सुकलेली. नवीन आलेल्या अधिकारी मॅडमनी चाकूनं एका रोपाची साल बुडाशी खरवडली. आत चहा सांडल्यासारखा तपकिरी डाग. त्या म्हणाल्या, ही मूळकूज आहे, बाहेरून आलेली. पाण्यातून जाते, चिखलातून जाते, बुटाच्या तळव्याला चिकटून जाते आणि मातीत वर्षानुवर्षं दबा धरून बसते. त्यांची आधी जिथे नेमणूक होती तिथल्या जंगलात ती एका ट्रॅक्टरच्या चाकाबरोबर शिरली. आधी नुसते शेंडे विरळ झाले. नंतर अख्खा डोंगरउतार गेला. शेवटी कडेनं पन्नास पन्नास पावलांतलं सगळं तोडून चर खणावा लागला.

मग मॅडमनी विचारलं, पहिल्या मेलेल्या पिशव्यांची माती कुठे टाकली? मुकादम म्हणाला, शेडमागच्या खड्ड्यात. नियमानं तिथेच टाकायची असते. वन्सं चार हात लांब झारी धरून उभ्या होत्या. त्या काहीच बोलल्या नाहीत.

"तीस पिशव्या, वहिनी," त्या मला म्हणाल्या. "माझ्या हातानं. मुळं उघडी राहू नयेत म्हणून दाबून दाबून भरल्या."

त्या मला हे सांगत होत्या तो त्यानंतरचा आठवा दिवस होता. आठ दिवस ही बाई कामावर जात होती, झारी धरत होती आणि कुणाशी चकार शब्द बोलली नव्हती. मी विचारलं, मॅडमना सांगत का नाही? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं जसं काही मी बाळाचा पाय कापायला सांगितला. पन्नास पावलांत ती तीन झाडं येतात आणि त्यांच्या आजूबाजूची आणखी चाळीस. तोडायला लावतील सगळी. आणि त्या तीस पिशव्यांत काही नसेलच तर? ती रोपं खरंच नुसती प्रवासानं मेली असतील तर?

पण त्यांना मुख्य भीती वेगळीच होती, आणि ती विचारताना त्यांचा आवाज इतका खाली गेला की मला नळ बंद करावा लागला. ते धागे एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जातात, तूच सांगितलंस ना? मग रोगही त्याच वाटेनं जाईल का?

मला माहीत नव्हतं. मी पुस्तक काढलं. त्यात होतं की धाग्यांचं आवरण बऱ्याचदा मुळाचा बचावच करतं, ही कूज मुख्यतः पाण्यातून आणि चिखलातून हिंडते. मला वाटलं यानं त्यांना धीर येईल. पण त्या आणखीच पांढऱ्या पडल्या. त्याच सकाळी त्या तिकडे जाऊन आल्या होत्या. रानडुकरांनी नेमकी ती जागा उकरली होती. मोकळी माती दिसली की डुकरं मातीखालची अळंबी शोधत येतात, खातात आणि त्यांच्या विष्ठेतून तीच अळंबी चार ठिकाणी रुजते. याचं वन्संना इतकी वर्षं फार कौतुक, डुकरांना त्या आपले सहकारी म्हणायच्या. आता त्याच सहकाऱ्यांचे खूर त्या खड्ड्यातून निघून उताराला लागले होते आणि खाली ओहोळाच्या दिशेनं गेले होते. प्रत्येक खुराच्या ठशात पाणी साठलेलं. वन्संनी चौदा ठसे मोजले आणि पुढे बघायची हिंमत झाली नाही.

मॅडम ऑफिसात रोगाची परीक्षा कशी घेतात ते वन्संनी बघून ठेवलं होतं. माती पाण्यात कालवायची आणि त्यात कच्ची, टणक नासपती अर्धी बुडवून ठेवायची. रोग असेल तर चार-पाच दिवसांत पाण्याच्या रेषेवर फळाला तपकिरी, कडक डाग पडतो. आपण आधी घरी करून बघू, मग सांगते, त्या म्हणाल्या. पिशवीतून दुहेरी गुंडाळलेल्या तीन पुड्या निघाल्या. मी नको म्हणायला हवं होतं. पण त्यांची ती अवस्था बघून मी गुपचूप चार जुने डबे काढले.

डब्यांना चिकटपट्टी लावून नावं घातली. वाफा, म्हणजे रोगट रोपांची माती. खड्डा, म्हणजे वन्संनी त्या तीस पिशव्यांची माती भरली तो. झाडाखाली, म्हणजे बुंध्यालगतची. आणि चौथी आमची कुंडी, निरोगी माती कशी वागते ते कळायला. डबे न्हाणीघरात बादलीमागे ठेवले. संध्याकाळी ह्यांनी आत डोकावून विचारलं, आज जेवायला नुसतं हेच आहे की बरोबर पोळी आहे. कुणी हसलं नाही तेव्हा तेही गप्प झाले, आणि सगळं कळल्यावर दुसऱ्या दिवसापासून अंघोळीला शेजारच्या काकांकडे जायला लागले.

वन्सं रोज काम सुटलं की यायच्या. स्टूल ओढून डब्यांसमोर बसायच्या, आजारी माणसाच्या उशाशी बसावं तसं. फळाला हात लावायच्या नाहीत. पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी काही नाही. फोन वाजला तरी दचकायच्या, कुणी मॅडमचं नाव काढलं तरी. कामावर त्यांच्या हातून एक झारी पडली होती, बावीस वर्षांत पहिल्यांदा, आणि मुकादम म्हणाला होता की मावशी, आता तुम्हालाच पिशवीत लावायची वेळ आली. हे त्यांनी मला सांगितलं, पण हसता हसता त्यांचा चेहरा मध्येच थांबला.

तिसऱ्या दिवशी 'वाफा' लिहिलेल्या डब्यातल्या नासपतीवर डाग उमटला. ते अपेक्षितच होतं. बाकी तिन्ही स्वच्छ. वन्संनी तो दिवस जरा बरा काढला, अर्धी पोळी खाल्ली.

चौथ्या दिवशी दुपारी मी कपडे भिजवायला गेले तेव्हा दिसलं. खड्ड्याच्या डब्यातल्या नासपतीवर, बरोबर पाण्याच्या रेषेवर, मसुरीएवढा तपकिरी ठिपका. मी तिथेच फरशीवर बसले. वन्सं यायला अजून तीन तास होते. आणि त्या तीन तासांत मला दुसरी गोष्ट आठवली. माती कालवताना मी एकच लाकडी चमचा वापरला होता. आधी वाफा, मग खड्डा. मध्ये फडक्याला पुसला होता, आमटीचा डाव पुसून भाजीत घालावा तसा.

वन्सं आल्यावर मी दोन्ही सांगितलं, आधी ठिपका, मग चमचा. त्या चिडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी वाकून आधी ठिपका बघितला, मग चमचा.

"म्हणजे हे तुझ्या चमच्याचं की माझ्या घमेल्याचं, ते आता कुणीच सांगू शकणार नाही."

हे दारातून म्हणाले, ताई, परत करू की. चार चमचे घेऊ, पाच दिवस तर लागतात.

"डुकरं थांबणार आहेत का पाच दिवस?" वन्सं म्हणाल्या, आणि उठल्या. मला म्हणाल्या, उद्या सकाळी माझ्याबरोबर चल, तू बोलू नकोस काही, नुसती उभी राहा.

रोपवाटिकेचं ऑफिस म्हणजे एक खोली, टेबल, कपाट आणि खिडकीत ओळीनं ठेवलेल्या मॅडमच्या नासपत्या. मॅडम वयानं वन्संच्या निम्म्या असतील. वन्संनी खुर्ची घेतली नाही. घमेलं, विरजण, तीस पिशव्या, डुकरं, सगळं सांगितलं. माझा चमचासुद्धा सांगितला, आणि तो सांगताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, यासाठी मी त्यांची जन्माची ऋणी आहे. मॅडम मध्ये बोलल्या नाहीत. कोणत्या तारखेला, किती खोल, झाडापासून किती हात, एवढंच विचारून लिहून घेत गेल्या. पेन खाली ठेवून त्यांनी तारखेपासूनचे दिवस बोटांवर मोजले, मग परत मोजले. त्याही घाबरल्या आहेत हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

"इतके दिवस का नाही बोललात, मावशी?"

"तुम्ही पन्नास पावलं म्हणालात."

मॅडमनी डोळे मिटले. "तिकडे कळायला सहा वर्षं गेली होती. म्हणून पन्नास लागली. लवकर कळलं तर पाच पावलांतही भागतं." मग म्हणाल्या, "किती दिवस झाले तुम्हाला कळून?"

"बारा," वन्सं म्हणाल्या.

मॅडमनी तो आकडा तेवढा लिहून घेतला. त्या काही बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, असं वन्सं अजून म्हणतात.

त्याच दुपारी पायांना पिशव्या बांधून सगळे वळणावर गेले. डुकरं येऊ नयेत म्हणून तारेचं कुंपण उभं राहिलं. बारा जागांची माती वेगवेगळ्या पुड्यांत तपासणीला गेली, प्रत्येक पुडीला नवं खुरपं. उत्तर यायला नऊ दिवस लागले, आणि ते नऊ दिवस वन्सं आमच्याकडेच राहिल्या, कारण त्यांना घरी एकटं सोडायला ह्यांचा जीव होईना. उत्तर आलं की खड्ड्यात रोग आहे, उतारावरच्या दोन ठशांत आहे, ओहोळात नाही. तिन्ही झाडांच्या मुळांत अजून नाही.

म्हणजे चमचा निर्दोष होता. ते कळल्यावर मला क्षणभर हलकं वाटलं, आणि त्या हलकं वाटण्याची लाज अजून गेलेली नाही.

खड्डा आणि ते दोन ठसे धरून पंधरा पावलांचं रिंगण आखलं. तीनपैकी एक झाड त्यात येत होतं. मुळांत रोग नसला तरी ती मुळं थेट खड्ड्यात उतरलेली, त्यामुळे ठेवता येणार नव्हतं. बारा दिवस आधी बोलल्या असत्या तर रिंगण केवढं आखलं असतं, हे वन्संनी विचारलं नाही. मॅडमनी सांगितलंही नाही. वन्संना घरी थांबायला सांगितलं होतं. त्या गेल्या, दोरीच्या बाहेर उभ्या राहिल्या. दहा वाजता करवत सुरू झाली, सव्वा वाजता झाड पडलं. नंतर रिंगणाच्या कडेनं कमरेएवढा चर खणला. चराच्या दोन्ही भिंतींतून पांढरे धागे लोंबत होते, उसवलेल्या शिवणीसारखे. वन्संचा हात आपोआप पुढे गेला आणि मध्येच मागे आला. त्यांनी तो पदराखाली घेतला आणि निघेपर्यंत बाहेर काढला नाही.

याला आता चौदा महिने झाले. वन्संना कामावरून काढलं नाही, पण जंगलात जायची परवानगी नाही. विरजण आता लांबच्या दुसऱ्या भागातून येतं, तपासून, बंद डब्यातून, आणि परतीची माती कुणी कुठे नेत नाही. वन्संची नेमणूक फाटकावर आहे. तिथे औषधाच्या पाण्याचा टब असतो आणि राठ ब्रश. आत जाणारा प्रत्येक बूट आणि बाहेर येणारा प्रत्येक बूट वन्सं उलटा करून बघतात, काडीनं खाचा कोरतात. एकदा मॅडमच्या टाचेच्या खाचेत चिखल सापडला तर त्यांनाही परत पाठवलं. मुकादम म्हणतो, मावशीच्या तावडीतून सुटला तर डासाचाही पाय धुतलेला असतो. त्यावरही त्या हसत नाहीत.

दर दोन महिन्यांनी बारा जागांची माती ऑफिसात येते आणि खिडकीत नासपत्यांची ओळ लागते. त्या आठवड्यात वन्सं धड जेवत नाहीत. आतापर्यंत सात वेळा ओळ स्वच्छ निघाली आहे. मॅडम म्हणतात, पाच वर्षं जाऊ देत, मग बोलू. आमच्या घरी नासपती येत नाही. वन्सं बाल्कनीत अजून जातात, पण हात पाठीमागे बांधून. वाकून बघतात, बोट लावत नाहीत.

गेल्या आठवड्यात मी त्यांचा डबा द्यायला फाटकावर गेले होते. तिथून वळणावरच्या उरलेल्या दोन झाडांचे शेंडे दिसतात. वन्सं डोळ्यांवर हात धरून तिकडेच बघत होत्या. मला म्हणाल्या, डावीकडचं जरा विरळ वाटतंय का गं तुला? मी बराच वेळ बघितलं. पानांतून आभाळ दिसत होतं, पण तेवढं आभाळ आधीपासून दिसायचं की काय, ते मला आठवेना. मला तर तेवढंच दाट दिसतंय, मी म्हटलं.

"नीट बघ," त्या म्हणाल्या. "रोज बघून बघून मला कळेनासं झालंय."

मी परत बघायला लागले. तेवढ्यात आतून दोन मजूर येताना दिसले, आणि वन्सं ब्रश घेऊन टबापाशी खाली बसल्या.